तिसरीत पडलेला दात

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. वर्ग झाडून होतायत तोवर परिपत्रक आलं. यंदाच्या शैक्षणिक साहित्य स्पर्धेचा विषय 'गुन्हे प्रतिबंधासाठी खेळ'. शिक्षकांनी स्वतः खेळ बनवायचा, मुलांकडून खेळून घ्यायचा आणि पंधरा डिसेंबरपर्यंत तालुक्याला पोहोचवायचा. जो पहिला येईल तो छापून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना वाटणार, आणि सव्वीस जानेवारीला सांगलीत सत्कार. परिपत्रकात 'प्रतिबंध' हा शब्द अकरा वेळा आलाय. खेळ हा शब्द दोनदा.

आदर्श शिक्षिका पुरस्कारासाठी माझा प्रस्ताव तीन वेळा गेला आणि तिन्ही वेळा पुरस्कार दुसरीकडे गेला. कुणाकडे गेला ते लिहीत नाही, वहीचं पान खराब होईल. आता अडीच वर्षं राहिली. ३१ मे २०२८ ला सुटणार, कारण माझी जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीत निम्म्यांची तीच आहे. शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली आणि विषय संपला. आई म्हणायची, मी गौरी जेवल्या त्या दिवशी झाले. दरवर्षी एकतीस मेला आम्ही सगळे एका हॉलमध्ये एकदमच निवृत्त होतो आणि एकमेकांना नारळ देतो.

यांना सांगितलं, पुठ्ठे कापायची तयारी ठेवा. हे इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, पट्टी आणि कटर हातात दिलं की खूश असतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला खेळ फसला. मी सापशिडी केली होती. 'अनोळखी माणसाचा खाऊ नाकारला, शिडी चढा. दाराला कुलूप लावायला विसरला, साप.' चौथीच्या मुलांनी चार मिनिटांत खेळ संपवला. एकानेही घरातला मजकूर वाचला नाही, शिडी दिसली की चढले, साप दिसला की उतरले. वर विचारलं, बाई, यात चोर कवा येणार.

धवल सर, आमच्या शाळेतले दुसरे आणि शेवटचे शिक्षक, तेवढ्यात फोटो काढून ग्रुपवर टाकून मोकळे झाले. खाली लिहिलं, 'बोरखडी माळवस्ती शाळेचा अभिनव उपक्रम'. अठ्ठावीस जणांनी अंगठे दाखवले.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज दुपारी क्रांती आली. बोरखडीच्या लालासाहेबांची थोरली, माझी जुनी विद्यार्थिनी. आता इथेच कराडला, आम्ही राहतो त्या गावात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. शनिवारी कॉलेज लवकर सुटतं, मग एसटीची वेळ होईपर्यंत आमच्याकडे बसते. चहा घेत नाही, पोह्यांना मात्र नाही म्हणत नाही.

तिने माझा पट बघितला आणि हसली. मी चोर काढला होता, डोळ्यांवर काळी पट्टी, आडव्या पट्ट्यांचा बनियन, पाठीवर पोतं. म्हणाली, असा माणूस आमच्या वस्तीवर आला तर कुत्रीच त्याला सोडणार नाहीत. मग म्हणाली, "बाई, गुन्हा करणारा चांगला दिसाय पाहिजे. वळखीचा. घरात येऊन चहा पिऊन गेलेला. तरच खेळाय मजा हाय."

पोरगी डोक्याने तेज आहे. तिला बी.एस्सी. झाल्यावर फॉरेन्सिकला जायचंय. हाडं, दात, रक्त असलं काहीबाही सांगत बसते आणि हे तोंड उघडं टाकून ऐकतात.

हिला शाळेत मीच आणलं, हे ती विसरली असेल, मी नाही. दोन हजार तेराचा जून. शाळेचा पट सोळा मुलांवर आला होता. वीसच्या खाली गेला की शाळा बंद आणि मी जादा ठरून थेट जतच्या टोकाला, अशी सगळीकडे चर्चा. आप्पासो गुरुजी तेव्हा मुख्याध्यापक, ते गुडघा धरून खुर्चीत. मीच उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घातल्या आणि पाच पोरं आणली. क्रांती अंगणात मातीत बसून भाकरी खात होती. तिला भाकरीसकट काखेत मारली आणि शाळेत आणून बसवली. शाळा वाचली, आजही चालू आहे. त्याबद्दल मला कुणी साधं शाबास म्हटलं नाही.

पहिलीत ती माझ्या मांडीवर झोपायची. पळण्यात शेवटची, उंचीच्या रांगेत कायम पुढे. तिचा पहिला दुधाचा दात तिसरीत पडला, बाकीच्यांना तोवर नवे चार-चार आले होते. रडत माझ्याकडे आली, मग आम्ही दोघींनी तो शाळेच्या कौलांवर टाकला. हिचं सगळंच उशिरा, असं मी म्हणायचे. तरी चौथीत पहिली आली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खेळ आकाराला आला. नाव 'ओळखीचा माणूस'. पट म्हणजे एक गाव, त्यात एसटी थांबा, बाजार, शाळा, दूध डेअरी. पाच जण खेळतात, त्यातल्या एकाला गुपचूप गुन्हेगाराची चिठ्ठी मिळते. तो बाकीच्यांशी गोड वागत गुन्हा पुढे रेटतो. बाकीच्यांनी वेळेत योग्य कार्ड टाकून गुन्हा घडायच्या आत अडवायचा. कल्पना क्रांतीची, पण तिला आकार माझा. प्रस्तावात एकच नाव लिहायला जागा आहे.

एकूण दहा प्रसंग. सायकलचोरी, परीक्षेत डमी बसवणं, बसमधला त्रास, आणि दहावा बालविवाह. त्यासाठी मी एक खास कार्ड केलं आणि त्याचा मला अभिमान आहे. 'दाखला. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख. हे कार्ड ज्याच्या हातात, त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.' पाहुणे, भावकी, सरपंच, कुणीही आडवा आला तरी दाखला टाकला की लग्न थांबलं. माणसं फिरतात, कागद फिरत नाही. मुलांना हे लहानपणीच कळलेलं बरं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

क्रांती मधल्या वारीच आली. कॉलेज बुडवलंय वाटतं. खेळाचं वेड लागलंय तिला, मला बरं वाटलं. पण आज तिने डोकं उठवलं.

आधी म्हणाली, प्रत्येक कार्डावर 'घरच्या मोठ्यांना सांगा' लिहिलंय, घरच्यांनीच केलं असेल तर कुणाला सांगायचं. मी म्हटलं, १०९८ चं, मुलांच्या हेल्पलाइनचं कार्ड आहे की. मग तिने विचारलं, त्या नंबरवर खरंच कुणी उचलतं का, नाव विचारतात का, घरी कळवतात का. मी म्हटलं, अगं खेळ आहे हा, प्रत्यक्षात फोन लावून बघायला कशाला पाहिजे.

मग दाखल्यावर आली. दाखल्यातच खोटं असेल तर? दातांवरून आणि मनगटाच्या हाडांवरून वय काढता येतं म्हणे, तसं एक कार्ड करू या. मला राग आला. तीस वर्षं रजिस्टरं लिहितेय मी, एक खाडाखोड नाही. कालच्या पोरीने मला कागदावर शंका शिकवू नये. 'हाडांचं कार्ड' पाचवीच्या मुलांना कोण समजावणार, असं म्हणून विषय बंद केला. जाताना दारात उभी राहून म्हणाली, शाळेतलं माझं पान बघायला मिळेल का. म्हटलं, ते असं कुणालाही दाखवता येत नाही. मान डोलावून गेली, पोह्यांची बशी तशीच.

२३ नोव्हेंबर, रविवार

कोडं उलगडलं. क्रांतीचं लग्न ठरलं, म्हणून अस्वस्थ होती.

सकाळी लालासाहेब स्वतः पत्रिका घेऊन कराडला आले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, अजून पाठीला बाक नाही. बूट दाराबाहेर एका रेषेत काढतात. मुलगा शंभूराज, कराडजवळचाच, हाही फौजेत, उत्तरेत कुठेतरी पोस्टिंग. महिन्याच्या सुट्टीवर आलाय, वीस डिसेंबरला हजर व्हायचंय. पुढे पौष, त्यानंतर सुट्टी कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून बारा डिसेंबरचा मुहूर्त धरला. आमच्या भागात फौजींची लग्नं सुट्टीच्या मापाने शिवतात.

कॉलेजचं काय, असं मी विचारलं. विचारायला हवं म्हणून विचारलं. सासरचे शिकवणार आहेत म्हणाले. मग हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचं उपकार हायत. तुमी तवा शाळंत घातली म्हणून पोरगी आज मोकळी झाली. न्हाईतर अजून दीड वर्स थांबाय लागलं असतं."

भला माणूस. शिक्षणाची किंमत ओळखतो. शाळेत घालायला उशीर झाला असता तर अजून बारावीतच असती, हे खरंच. जूनमध्ये अठरा पूर्ण झाली, आता तिचं तिला. मला वाईट इतकंच वाटलं की खेळाची चित्रं अर्धवट राहणार. पाच प्रसंगांचे चेहरे अजून काढायचेत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

केंद्रशाळेत सातवीच्या मुलांकडून खेळून घेतला. एक तास कुणी जागचं उठलं नाही. गुन्हेगाराची चिठ्ठी मिळालेल्या पोराने इतका साळसूद चेहरा केला की सगळ्यांनी त्यालाच गावचा सरपंच निवडलं. केंद्रप्रमुख म्हणाले, बाई, हा जिल्ह्यात जाणार.

क्रांतीही आली होती, लग्नाला दोन आठवडे असताना. नियम तिनेच समजावले. मुलांना ती माझ्यापेक्षा जवळची वाटली हे मी पाहिलं, आणि ते मला फारसं आवडलं नाही, हेही लिहून ठेवते. दहावा प्रसंग आला, एका मुलीने दाखला टाकला, वर्गाने ओरडा केला. तेव्हा क्रांती सगळ्यांसमोर म्हणाली, "आणि दाखला चुकीचा असला तर?" मी सांगितलं, तो शासकीय कागद आहे, चुकीचा नसतो, पुढचा डाव सुरू करा. मुलं हसली. क्रांती सोंगट्या गोळा करत बसली.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी न बसता मागे जाऊन बसली.

९ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी जयराज भाऊसाहेबांचा फोन. ते बोरखडीचे ग्रामसेवक, गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्यांच्याकडे असते. म्हणाले, १०९८ वर तक्रार आलीय, उद्या दहाला शाळेत येतो, २०१३ सालचं दाखल रजिस्टर काढून ठेवा.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. गावातल्या कुणीतरी त्या नंबरवर फोन केला, आठ-दहा दिवसांपूर्वी माझ्या खेळात बघितलेल्या नंबरवर. प्रस्तावात 'उपक्रमाची फलश्रुती' असा रकाना आहे, तो कसा भरायचा ते कळत नव्हतं. यांना मोठ्याने वाचून दाखवलं. यांनी विचारलं, कुणाचं लग्न. मी म्हटलं, ते काही बोलले नाहीत.

२०१३ सालचं रजिस्टर.



१० डिसेंबर, बुधवार

रजिस्टर मी साडेनऊलाच उघडलं होतं. अक्षर माझंच. सगळे म्हणतात तसं मोत्याचं. अनुक्रमांक ४१२ ते ४१६, पाच नावं, पाचांच्या पुढे १ जून २००७. खाली आप्पासो गुरुजींची सही. मला त्या दिवशीचं सगळं आठवलं. पहिलीला सहा पूर्ण लागतात, म्हणून मी मागे मोजून साल काढलं होतं. बोटांवर मोजलं होतं. क्रांतीच्या हातात तेव्हा भाकरी होती.

दहाला जयराज भाऊसाहेब आले, बरोबर अंगणवाडीच्या ताई आणि एक महिला पोलीस. मागून लालासाहेब, त्यांची बायको मंगल आणि क्रांती. क्रांतीच्या हातात हिरवा चुडा भरलेला. फोन तिनेच केला होता. स्वतःच्या लग्नाविरुद्ध, स्वतःच्या नावाने.

जन्माचा दाखला नव्हता. मंगल बाळंतपणाला माहेरी होती, राज्याच्या सीमेवरच्या एका वस्तीवर, घरीच सुटका झाली, नोंद केली नाही. आधार कार्ड शाळेच्या दाखल्यावरून निघालेलं. म्हणजे सगळं फिरून माझ्या अक्षरापाशी आलं. भाऊसाहेबांनी पान वाचलं आणि म्हणाले, पाच पोरं एकाच दिवशी जन्मली की, बाई. मी म्हटलं, तेव्हा तसंच लिहीत.

क्रांती म्हणाली, ती दोन हजार नऊच्या संक्रांतीला झाली, आत्याने म्हणूनच क्रांती नाव ठेवलं, आईला विचारा. मंगलने पदर तोंडाला लावला आणि खाली बघत राहिली. लालासाहेब शांतपणे म्हणाले, घरातल्या बायकांचं काय धरताय, कागद काय म्हणतोय ते बघा.

मग क्रांती माझ्याकडे वळली. "बाई, माझा पहिला दात तिसरीत पडला व्हता. तुमीच कौलावर टाकला. सांगा की त्यांना."

भाऊसाहेबांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सरळ माणूस आहे, गुंडाळून बोलला नाही. "बाई, नोंद तुमच्या हातची आहे. तुम्ही चुकीची म्हणालात तर मी आत्ता लग्न थांबवतो आणि तिला वयाच्या तपासणीला पाठवतो. बरोबर म्हणालात तर माझे हात बांधलेत."

खिडकीतून धवल सरांचा वर्ग पाढे म्हणत होता. मी अडीच वर्षांचा विचार केला. एक नोंद खोटी ठरली की पाच खोट्या, मग चौकशी, निलंबन, पेन्शन अडकणार, पेपरात नाव. पंधरा तारखेला खेळ पाठवायचाय याचाही विचार केला. तोही केला, हे लपवत नाही.

मी म्हटलं, "नोंद बरोबर आहे."

क्रांती रडली नाही. वर्गात उत्तर चुकलं आणि मी खाली बस म्हटलं की जशी म्हणायची तशीच म्हणाली, "बरं, बाई." आणि चुडा सावरत आईच्या मागे निघाली. जयराज भाऊसाहेबांनी पंचनाम्यावर माझी सही घेतली. सही करताना अक्षर नेहमीसारखंच आलं.

११ डिसेंबर, गुरुवार

रजा टाकली. सकाळी आप्पासो गुरुजींना फोन केला, ते शिरवळला मुलाकडे असतात. सगळं सांगितलं. बराच वेळ खोकले आणि म्हणाले, "मी निस्ती सही केली बाई. तारीख तुमच्या हातची हाय." पुढे तब्येतीचं बोलले.

मग मी एक निवेदन लिहिलं. 'मी, विनोदिनी, असं लिहून देते की सदर नोंद पट टिकवण्यासाठी मी वय वाढवून केली आहे.' दोनच ओळी. हे घेऊन बाराच्या गाडीने गेलं तर लग्न उद्या आहे, अजून थांबतं. यांना वाचून दाखवलं. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, मुलगा चांगला आहे ना, सरकारी नोकरी आहे, एवढं वर्ष-दीड वर्षाने काय फरक पडतो. शेवटी म्हणाले, "तुला जे करायचं ते कर." लग्नाला चौतीस वर्षं झाली, या वाक्याचा अर्थ मला कळतो. तरी ते नाही म्हणाले नव्हते. यांच्यावर ढकलता येणार नाही.

बाराची गाडी गेली. अडीचची पण गेली.

मला माझी लाज वाटते. शाळा वाचवली, शाळा वाचवली म्हणून बारा वर्षं मिरवत आले. त्या दिवशी मी शाळा वाचवत नव्हते, जतला जायला नको म्हणून स्वतःची खुर्ची वाचवत होते, आणि काल परत तीच वाचवली. चोर कसा दिसतो हे त्या पोरीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्याच घरात बसून, माझे पोहे खात. तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं कुणाबद्दल बोलतेय.

आपण केलेला नियम वाचला. प्रसंग दहा, कलम चार. 'साक्षीदार गप्प राहिल्यास सर्व खेळाडू दोन घरं मागे.' खोटं बोलल्यास काय, ते मी लिहिलेलंच नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लग्नाला गेले. न गेले असते तर दिसून आलं असतं.

आमच्याकडे लग्नात मुहूर्ताच्या आधी माइकवर सत्कार असतात. माजी सभापती, डेअरीचे चेअरमन, मामा, आत्याचे यजमान. मग सूत्रसंचालक म्हणाला, 'वधूला अक्षरओळख करून देणाऱ्या, लग्नघराच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिलेल्या विनोदिनी बाई.' लालासाहेबांनी स्वतः माझ्या हातात नारळ दिला आणि अंगावर शाल घातली. मंडपाने टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच माझा जाहीर सत्कार होत होता.

अक्षता पडल्यावर जोडी पाया पडायला आली. शंभूराज वाकला, पायांना हात लावला. वागायला अदबशीर मुलगा आहे, त्याचा यात काय दोष. क्रांतीही वाकली. तिचा हात माझ्या पायापर्यंत आला नाही, अलीकडे जमिनीला लावून ती उठली. मी म्हणायचं ते म्हटलं, सुखी राहा.

जेवले नाही. यांनी विचारलं, पित्त झालंय का. हो म्हटलं.

१५ डिसेंबर, सोमवार

खेळ पाठवला. राहिलेले पाच चेहरे मीच काढले, चांगले आले नाहीत. फलश्रुतीच्या रकान्यात काहीही लिहिणार नव्हते. धवल सरांनी माझ्या नकळत टाइप केलं, 'या खेळामुळे गावात बालविवाहाबाबत जागृती होऊन हेल्पलाइनवर संपर्क साधण्यात आला.' मी वाचलं. खोटं काही नव्हतं त्यात. सही केली.

५ जानेवारी २०२६, सोमवार

पहिला नंबर. केंद्रप्रमुखांचा फोन, ग्रुपवर एकशे बारा जणांचे अभिनंदन. परीक्षकांनी दाखल्याच्या कार्डाची विशेष नोंद घेतली म्हणे. यांनी कंदी पेढे आणले. एक खाल्ला, बाकीचे शेजारी दिले.

१४ जानेवारी, बुधवार

मंगलचा फोन आला होता, क्रांतीची पहिली संक्रांत, सासरी हळदीकुंकू, तुम्ही यायलाच पाहिजे. फोनवर तिचा आवाज असा होता की नाही म्हणता आलं नाही. संध्याकाळी गेले.

ओसरीत पाटावर बसवलं होतं तिला. काळी चंद्रकळा, अंगभर हलव्याचे दागिने, पांढरे शुभ्र. मुकुट कपाळावर घसरत होता, सासू मागून सारखा सरकवत होती. बायका म्हणत होत्या, किती गं नाजूक, अगदी बाहुली. मी मनात मोजलं. आज तिला सतरा पूर्ण झाली. वाढदिवस म्हणून कुणी काही बोललं नाही. मंगल एका कोपऱ्यात तिळाच्या वड्या मोडून बारीक करत होती, कुणी मागितल्या नव्हत्या तरी.

नवरा वीसलाच रुजू झाला. कॉलेजचं विचारलं तर सासू म्हणाली, आता जूनपासून बघू.

माझी पाळी आली तेव्हा तिने हळदकुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलची चाळणी दिली, सगळ्यांना तीच होती. मी उठणार तेवढ्यात हळू आवाजात विचारलं, "बाई, खेळाचं काय झालं?"

पहिला आला म्हणून सांगितलं. सव्वीसला सगळ्या शाळांना वाटणार.

ती हातातल्या करंड्याचं झाकण लावत म्हणाली, "मग ते दाखल्याचं कार्ड तेवढं काढून टाका. पोरी खरं धरून चालतील."

पुढची बाई पाटासमोर येऊन उभी राहिली होती. मी उठले.

१६ जानेवारी, शुक्रवार

तालुक्याला फोन केला. म्हटलं, एक कार्ड बदलायचंय. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, चूक आहे त्यात. काय चूक आहे, त्यांनी विचारलं.

सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, एक वेलांटी राहिलीय. ते हसले, म्हणाले, राहू द्या बाई, छपाई पूर्ण झाली.

२६ जानेवारी, सोमवार

सांगलीला झेंडावंदनानंतर कार्यक्रम झाला. शाल, नारळ, मानचिन्ह. निवेदिकेने माझी ओळख वाचली, जन्म १ जून १९७० पासून सुरुवात करून. मंचामागे खेळाची खोकी छतापर्यंत रचली होती, प्रत्येक शाळेला एक.

मग सहावी-सातवीच्या पाच मुलांनी मंचावर खेळ खेळून दाखवला. गुन्हेगाराची चिठ्ठी एका गोऱ्यागोमट्या पोराला आली होती, त्याने छान गोड बोलून बोलून लग्न मंडपापर्यंत आणलं. शेवटची पाळी एका लहानखुऱ्या मुलीची, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धवट आलेला. तिने हातातली कार्डं बघितली, एक काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं, शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून. दाखला.

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.